पाहुण्याचं बटण

भिवा गेला हे मला पिठाच्या गिरणीत कळलं. गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला तेव्हाच समजलो, काहीतरी मोठं आहे. तो माणूस बायकोशी बोलायलासुद्धा गिरणी थांबवत नाही. "भिवाबापू गेले," म्हणाला. "सकाळीच. शेवगावला दवाखान्यात नेता नेता." मी म्हणालो, "माझं दळण पुरं कर." तिथल्या लोकांना ते लागलं. अजून गावात सांगतात, जिवाभावाचा माणूस गेला आणि म्हातारा पीठ घेऊन घरी निघाला. खरं आहे ते. पीठ घरी ठेवलं, मग स्मशानात गेलो, सगळ्यांच्या मागं उभा राहिलो आणि कुणाशी न बोलता परत आलो. दीड वर्ष आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. चूक त्याची होती, माझी नव्हती. माणूस मेला की त्याचं सगळं चांगलंच होतं असं लोक धरून चालतात. मी धरत नाही.

पेपरच्या या पुरवणीत गेलेल्या माणसांवर येतं ते मी वाचतो. सगळे गेलेले हसतमुख असतात. भिवा हसतमुख नव्हता. उंच, एक खांदा वर आणि एक खाली, बोलायच्या आधी नाक ओढायची खोड. माझी शाळा चौथीत सुटली, पण हे मी स्वतः लिहिलंय, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. चुका सापडल्या तर त्या माझ्या.

आम्ही एका वयाचे, एका आळीतले. आमच्या जिरायती पट्ट्यातली माणसं दिवाळी झाली की बैलगाडीत भांडीकुंडी टाकून प्रवरेच्या बाजूला ऊस तोडायला जायची. देवळालीकडच्या फडांत आमची सगळी तरणी वर्षं गेली. तोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात, आणि एकटा माणूस असला की त्याला म्हणतात अर्धा कोयता. माझी बायको सरू काविळीनं गेली त्या साली मी एकटाच गाडीतळावर उभा होतो. मुकादम सगळ्यांदेखत ओरडला, "मारुती अर्धा!" कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि तेच जास्त लागलं. त्या साली भिवाची बायको, आमची कौसावहिनी, पहिलटकरीण म्हणून गावीच राहिली होती. म्हणजे भिवाही अर्धाच. तो नाक ओढत पुढं आला.

"मुकादम, आमी दोघं मिळून एक. एक कोयता धरा."

"आरं, दोन गडी मिळून कोयता कसा व्हईल? तुमच्यात नवरा कोन आन् बायकू कोन?"

"भाकरी मारत्या थापतो. तवा त्योच बायकू."

सगळा तळ हसला. मीपण हसलो, सरू गेल्यानंतर पहिल्यांदाच. भाकरी मी खरंच चांगल्या थापायचो, अजून थापतो. तो हंगाम आम्ही तसाच काढला. तो तोडायचा, मी मोळ्या बांधायचो, त्याची कंबर धरली की पाळी बदलायची. त्यानंतर मला कुणी अर्धा म्हणालं नाही. मी दुसरं लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, आणि कधी उणं वाटलंही नाही, कारण माझी मोजणी एकदा झालेली होती आणि ती भिवानं करून दिली होती. पुढचं समजायला एवढं ध्यानात ठेवावं लागेल.

उसाची वर्षं सरली. भिवाचा मुलगा सुप्याला कारखान्यात लागला, त्यानं घरी मोठा टीव्ही आणला. माझ्या घरी टीव्ही नाही आणि मी घेणारही नाही. पण संध्याकाळी सात वाजले की मी भिवाकडं जायचो. पाठ तडकलेली एक प्लास्टिकची खुर्ची होती, ती माझी. पाहुणारावळा आला तरी त्याला भिवा त्यावर बसू द्यायचा नाही. "उठा, ती मारत्याची हाय." मी टेकलो की तो तांब्या पुढं करायच्याही आधी खाटेवरचा एक लहानसा रिमोट उचलून बटण दाबायचा. टीव्हीचा मोठा रिमोट वेगळा होता. एकदा विचारलं, "ह्ये काय रं?" तर म्हणाला, "आवाजाचं हाय." मी कशाला शंका घेऊ? मग आम्ही वहिनीची मालिका बघायचो. त्यात एक सासू सुनेच्या दुधात विष कालवायची आणि ते दूध काही केल्या कुणी प्यायचं नाही. मी ओरडायचो, "आता पिती का वतून देती, काय ती लवकर कर गं बये!" भिवा म्हणायचा, "तिला ऐकू जातंय व्हय? गप बस." कंटाळून मी उठायला लागलो की गुडघ्यावर हात ठेवायचा, "बस की. संपू तरी दे." मला ते आवडायचं. वाटायचं, ह्याला माझ्यावाचून करमत नाही...

एके दिवशी त्यांच्या टीव्हीमागची डबी बिघडली आणि ती दुरुस्त करायला कंपनीचा माणूस आला. भिवा गोठ्यात धार काढायला गेलेला, वहिनी चुलीशी, मी माझ्या खुर्चीत. त्या माणसानं तो लहान रिमोट हातात घेतला आणि मला म्हणाला, "बाबा, रोज पाहुणा दिसतो आम्हाला, तो तुम्हीच का?"

"कसला पाहुना?"

त्याला वाटलं, मला माहीत आहे. भला माणूस होता, त्यानं सगळं उलगडून सांगितलं. कोणता कार्यक्रम किती लोक बघतात हे मोजायची ही युक्ती आहे म्हणे. कार्यक्रमाच्या आवाजातच आपल्याला ऐकू न येणारी एक खूण भरलेली असते, ती खूण डबी ऐकते आणि घरात काय लागलंय हे तिला कळतं. पण समोर कोण बसलंय ते तिला दिसत नाही. ते बटण दाबून सांगायचं. घरच्या माणसांना एकेक नंबर दिलेला. एक नंबर भिवा, दोन वहिनी, पुढं मुलगा आणि सून. बाहेरच्या माणसाला पाहुण्याचं बटण. त्याचं वय भरायचं आणि बाई की पुरुष ते भरायचं, नाव लागत नाही. एवढं सांगून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. "तुम्ही घरच्यासारखेच, ठाऊक असेल असं समजलो मी," म्हणाला. "हे बाहेर सांगायचं नसतं." तेवढ्यात भिवा दुधाची बादली घेऊन दारात आला आणि माझं तोंड बघून तिथंच थांबला.

"कवापासून चाललंय ह्ये?" मी विचारलं.

"डबी बसवली तवापासून. वर्सं झाली."

"आन् मला का न्हाई सांगितलं?"

"कुनालाच सांगायचं नसतं. मानसं मग मुद्दाम येगळंच बघत्यात. कंपनीला शब्द दिल्ता मी."

"कंपनीला शब्द देतोस. मग मी कोन?"

त्यानं नाक ओढलं. बादली खाली ठेवली.

"फडात एक कोयता, आन् टीव्हीम्होरं पाहुना?"

"आरं, यंत्रात तेवढंच बटन हाय, मारत्या. मी काय करू?"

"मला इचारायचं हुतंस. मला न इचारता मोजलंस तू."

मी उठलो. वहिनी "भावजी, च्या टाकलाय" म्हणत राहिली. मी पार कोपऱ्यावर गेलो तेव्हा तो दारातून ओरडला, "मारत्या, मालिका अर्धी राह्यलीया!" एवढ्या वर्षांच्या माणसाला परत बोलवायला त्याला एवढंच सुचलं. मी वळून बघितलं नाही.

लोक म्हणाले, एवढ्याशा गोष्टीवरून? एवढीशी ज्याला वाटते त्याला वाटू दे. रोज रात्री मी तेच आठवत बसायचो. गुडघ्यावरचा हात, "बस की", कुणाला बसू न दिलेली खुर्ची. यातलं किती माझ्यासाठी होतं आणि किती त्या डबीसाठी? हे मला कोण सांगणार? ज्यानं सांगायचं त्यानंच वर्षानुवर्षं ते बटण आवाजाचं म्हणून दाबलं. एकदा त्यानं वहिनीच्या हाती शेंगदाण्याची चटणी पाठवली. आमच्याकडं आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. मी भांडं घासलं आणि रिकामं पाठवलं. तो काय ते समजला. नंतर रस्त्यात दिसला की तो थांबायचा आणि मी दुसऱ्या बाजूनं जायचो. तो थांबायचा हे मला दिसायचं. दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही...

तेरावं झाल्यावर वहिनीनं निरोप पाठवला, संध्याकाळी येऊन जा. तिच्यासाठी गेलो. खुर्ची जागेवरच होती, तिच्यावर धूळ नव्हती. मी बसलो. सात वाजले तशी वहिनीनं टीव्ही लावला, खाटेवरचा लहान रिमोट घेतला, आपला नंबर दाबला आणि त्याच दमात आणखी एक बटण दाबलं. माझ्याकडं न बघताच.

"वहिनी, त्ये पाहुन्याचं ना?"

"व्हय. हात जातो आता आपसूक. ते रोज दाबायचे."

"रोज म्हंजी?"

"रोज. तुमी येत नव्हता तरी. मी म्हनायची, आवो, भावजी कुठं हायेत हितं? कंपनीची मानसं रागं भरतील. तर म्हनायचे, यील त्यो. आन् त्या खुर्चीकडं बघून बोलायचे, बघ मारत्या, आज पिती का न्हाई ती दूध."

तुम्हाला वाटेल, मी रडलो. मी संतापलो. दीड वर्ष मी त्या घराचा उंबरा ओलांडला नाही हे सगळ्या गावाला ठाऊक, आणि डबीच्या मोजणीत मी रोज सात वाजता तिथं बसून मालिका बघत होतो! माझा राग त्यानं मोजलाच नाही. एकट्या माणसाजवळ शेवटी राग तेवढा आपला असतो, तोही त्यानं खोटा पाडला, आणि या वेळीही मला न विचारता. ज्यांनी ती डबी शोधून काढली ती माणसं हुशार असतील, ऐकू न येणारं ती ऐकते. पण तिला डोळे नाहीत, तिला माणसाच्या शब्दावर चालावं लागतं. आणि भिवा, ज्यानं कंपनीला दिलेल्या शब्दापायी मला तोडलं, तो तिला रोज सांगत राहिला की मारुती इथं आहे. मग माझ्यासाठी शब्द मोडता येत होता तर आधीच का नाही मोडला? हे विचारायला आता माणूस नाही. आधी लपवून मोजलं, मग खोटं मोजलं, आणि आता उत्तर न देताच गेला. हा तिसरा दगा.

"वहिनी, त्याचा नंबर एकच ना? काढून टाकला का?"

"न्हाई अजून. पोरगं म्हनतंय, कळवू सवडीनं."

मी तिच्या हातातून रिमोट घेतला आणि एक नंबर दाबला. बारका लाल दिवा लागला.

"भावजी, आवो, ते न्हाईत आता..."

"त्यानं मला इचारलं हुतं?"

वहिनीनं तोंडाला पदर लावला. हसली की रडली ते मी बघितलं नाही, मी टीव्हीकडं बघत होतो. ती बया अजून पेला घेऊनच उभी होती.

हे पेपरात द्यायच्या आधी मी वहिनीला विचारलं. मी विचारतो. ती म्हणाली, "लिवा. डबी नेतील, दुसरं काय?" सुनबाई म्हणाली, गावाचं नाव नको, म्हणून ते लिहिलेलं नाही. पण शेवगावकडची माणसं ओळखतील, आणि कंपनीची माणसंही कधीतरी येतील. ज्या गुपितानं माझा माणूस नेला ते मी का सांभाळू? येऊ देत. ती येईपर्यंत मी रोज सात वाजता जातो. आधी एक नंबर दाबतो, मग पाहुण्याचं बटण. माफ केलेलं नाही. तो खाटेवर बसलाय, मी खुर्चीत बसलोय, आणि आम्ही एकमेकांशी बोलत नाही.