दुधाच्या रांगेतल्या ताई

"आज पोरगं कशाला रडलं?"

एवढंच विचारायच्या त्या. हातात वही नाही, गळ्यात ओळखपत्र नाही. नजर माणसाच्या तोंडाकडे नाही, त्याच्या किटलीकडे. तोंडाकडे बघितलं की बाप लाजतो, म्हणायच्या. तुम्ही त्या रांगेत असता तर तुम्हालाही वाटलं असतं, ही कुणाची तरी पाहुणी असेल.

लहान मुलांच्या आईबापांसाठी एका संस्थेचा वर्ग आमच्या निमगावात अंगणवाडीत भरायचा. मूल चिडलं, घाबरलं, हट्टाला पेटलं तर मोठ्यांनी काय करावं, ते ताई सांगायच्या. बायका यायच्या, बाप एकही नाही. आया घरी जाऊन तेच सांगायच्या आणि बोलणी खायच्या. मग ताईंनी वर्ग उचलला आणि संध्याकाळी डेअरीच्या रांगेत आणला. दूध मोजून त्यातलं फॅट तपासून होईपर्यंत बाप कुठं जात नाही, हे त्यांनी हेरलं होतं.

माणसं टिंगल करायची. "मॅडम, आमचं पोरगं आता वायरमन हाय. लाइट घालवून गावाला रडवतंय," एक तात्या म्हणाले. सगळे हसले, ताईही हसल्या.

"मग तात्या, ल्हान हुतं तवा कशाला रडायचं?"

तात्या किटलीचं झाकण फिरवत राहिले. नंबर आला तरी त्यांना आठवलं नव्हतं.

माझा मुलगा मात्र एकच उत्तर द्यायचा, "आमचं न्हाय रडत."

एका संध्याकाळी त्याच्याऐवजी दूध घेऊन मी गेले. ताईंनी किटलीकडे बघून नेहमीचं विचारलं. मी चौथी शिकलेली, पुरुषांपुढे तोंड न उघडणारी. पण निघून गेलं तोंडातून, "कोंडलंय त्याला. मोटरीच्या खोलीत. आता रडायचं बी थांबलंय."

नातू साडेचार वर्षांचा. तान्ह्या बहिणीला चिमटा काढला म्हणून बापाने कुलूप घालून किल्ली खिशात टाकली होती. खोलीत अंधार, भिंतीवर पाण्याच्या मोटरीचा विजेचा स्टार्टर. सुनेने हात जोडले तर म्हणाला, "वर्गात शिकलेलं मला शिकवू नगंस."

रांगेत कुणी हसलं नाही. तात्यांनी माझ्या हातातली किटली घेतली. "जावा वैनी. मी घालतो दूध."

ताईंच्या स्कूटीवर मागे बसून घरी आले. वाटेत मला धास्ती, ह्या आता माझ्या मुलाला झाडतील, आणि तो ईर्षेने सकाळपर्यंत दार उघडणार नाही.

ताईंनी आवाज चढवला नाही. "दादा, किल्ली मला देऊ नका. तुमीच उघडा. पण आत जाऊ नका, दारात खाली बसा."

त्याने माझ्याकडे रागाने बघितलं. किल्ली काढायला त्याला फार वेळ लागला.

"बसून काय बोलू?"

"काय बी नगं. फक्त उठू नका."

दार उघडलं. आत काहीच हललं नाही. मी आत धावणार तोच ताईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार पडला होता. तेव्हा कळलं, त्याही घाबरल्यात.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग कोपऱ्यातून बारीक आवाज आला, "पप्पा, लाइट लावा."

माझ्या मुलाने बसल्या जागेवरून हात उंचावून बटण दाबलं. पोर भिंतीला घासत आलं. चड्डी ओली. बापापासून वीतभर लांब बसलं. बापाने हात पुढे केला तसं मागे सरकलं. माझ्या मुलाने वळून ताईंकडे बघितलं. एवढा मोठा बाप्या, तोंड रडवेलं.

"ऱ्हाऊ द्या दादा. येईल त्याचं ते," ताई म्हणाल्या, आणि चहालाही थांबल्या नाहीत.

पुढे रांगेत भेटल्या तेव्हा सांगायचं म्हणून मी चार शब्द मनात जुळवून ठेवले होते. ऐनवेळी नुसती मान हलवली. मग संस्थेचं काम दुसरीकडे गेलं. ताई निरवांगीकडच्या गावांत असतात म्हणे. त्यांच्या जागी कुणी आलं नाही.

नातू अजून पुरता सावरलेला नाही. न्हाणीचं दार लोटलं तरी किंचाळतो. म्हणून त्याची आंघोळ दार सताड उघडं ठेवून होते आणि बाप टॉवेल घेऊन दारात उभा असतो. डोळ्यांत साबण गेला की पोराला काही दिसत नाही. तेव्हा बाप बोलत राहतो, "हाय मी. हितंच हाय." बाहेर रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर त्याला कामावर न्यायला थांबून हॉर्न वाजवत असतो. बाप वाजू देतो.