आवाज नाय

ओल्या घोंगड्यांचा उबट वास, देवळाच्या पत्र्यावरून गळणाऱ्या पागोळ्या आणि एकाच वेळी बोलणारी सगळी माणसं! आमच्या वाडीची शनिवारची बैठक मला अशी आठवते, आणि तिच्यात दर खेपेला उच्चारले जाणारे दोन शब्द आठवले की अजूनही अंगावर काटा येतो. ‘आवाज नाय.’

माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. कुशीत! किती सहज लिहून जातो आपण हा शब्द! जवळच्या तळीये गावावर दरड कोसळली त्या वर्षापासून आमच्याकडे तो कुणाला गोड वाटत नाही. निम्म्या घरांना कुलपं, माणसं मुंबईला. जी उरली ती बांधावरून भांडण्यापुरतीच एकमेकांशी बोलत. त्या भयाच्या दिवसांत वाडीतल्या जाणत्या दगडूभाऊंनी दर शनिवारी संध्याकाळी देवळात बसायचं ठरवलं. मी महाडला शाळेत शिकवते, पण शनिवारची एसटी चुकवत नाही. आधी बोलणं फक्त दरडीचं असे, मग भाताच्या लावणीचं, सुनांचं, कुणाच्या गुडघ्याचं होऊ लागलं. शब्दाला शब्द लागत गेला आणि वाडीत पुन्हा वाडीपण आलं. संवादाने माणसं जोडली जातात असं मी मुलांना फळ्यावर लिहून शिकवत होते. इथे ते डोळ्यांनी पाहत होते आणि मनातून जरा फुशारतही होते.

पार्वतीकाकीचं घर सगळ्यांत वर, थेट उताराखाली. म्हणून बैठकीनेच तिला काम नेमून दिलेलं: डोंगरात गडगड ऐकू आली की तिने पितळी परात बडवायची. त्या परातीच्या भरवशावर सारी वाडी निर्धास्त झोपे. दर शनिवारी दगडूभाऊ तिच्याकडे वळून ‘डोंगरात काही आवाज?’ असं विचारत, आणि काकी हसून सांगे, “आवाज नाय.” ते ऐकलं की मंडपभर सुटकेचा निःश्वास पसरे आणि गप्पांना ऊत येई.

गेल्या श्रावणातली गोष्ट. पाऊस थांबला होता. दगडूभाऊंनी काहीतरी विनोद केला, सगळी हसली, काकीही हसली. आणि त्याच क्षणी देवळामागचा दगडी बांध असा काही गर्जत कोसळला की पायाखालची फरशी थरारली. आम्ही चपला टाकून अंगणात धावलो. मागे वळून पाहते तो काय! दाराकडे पाठ करून काकी तशीच बसलेली. ओठांवर मघाच्या विनोदाचं हसू, आणि डोळ्यांत एवढाच प्रश्न, की ही माणसं अशी उठली का?

बांधाखाली कुणी सापडलं नव्हतं, पण आमच्यातलं काहीतरी त्याहून मोठ्याने ढासळलं होतं. म्हणजे इतके पावसाळे आम्ही कुणाच्या कानांवर विसंबून झोपलो होतो? ती खोटंही बोलत नव्हती हो! तिच्या जगात खरोखरच आवाज नव्हता. मुंबईहून लेकाचा फोन आला की ती तो कानाला लावून लगेच दुसऱ्याच्या हाती देई, “आवाज नाय” म्हणे, आणि आम्ही डोंगरातल्या रेंजला शिव्या घालत असू. इतकं बोलणारी आम्ही माणसं. आपलं बोलणं समोरच्यापर्यंत पोहोचतंय का, हे एकालाही पाहावंसं वाटलं नाही? मला संताप आला, भीती वाटली, आणि त्या दोहोंपेक्षा जास्त लाज वाटली.

मी तिच्यासमोर बसले आणि ओठ सावकाश हलवत विचारलं, सांगितलं का नाहीस? ती पदराशी चाळा करत म्हणाली,

“सांगितलं असतं तर पोरगा मुंबईला घेऊन गेला असता गो. तिथं कोन बसतंय माझ्या म्होरं? हितं तुमची तोंडं हलताना दिसली, की वाटतं, मी हाय.”

परात आता काकीच्या खालच्या घरातल्या शेजाऱ्यांच्या सुनेकडे आहे, आणि काकी त्यांच्याच पडवीत निजते. लेकाला दगडूभाऊंनी सगळं कळवलं. तो आला, एका बैठकीला बसला, आणि आईला न घेताच परत गेला. बैठकीतली बसण्याची रीत मात्र बदलली आहे. काकी मधोमध बसते, बोलणारा तिच्याकडे तोंड करून बोलतो, आणि त्यामुळे एका वेळी एकच जण बोलतो. आश्चर्य असं, की आम्हालाही एकमेकांचं बोलणं आत्ता कुठे नीट ऐकू येतंय.

बैठकीच्या शेवटी ओल्या घोंगड्यांच्या त्याच वासात आम्ही क्षणभर गप्प होतो आणि डोंगराकडे कान देतो. काकी एकेकाचा चेहरा निरखते. मग सगळ्यांच्या वतीने तीच सांगते, “आवाज नाय.” आता आम्ही त्यावर विश्वास ठेवतो, कारण ती आमच्याकडे बघून बोलते.