धवलारणीचा तांब्या

जासईत सखूबाईंचं नाव निघालं की लोक आधी त्यांच्या आवाजाबद्दल बोलतात आणि मग त्यांच्या बैठकीबद्दल. आगऱ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून हळद लागेपर्यंत प्रत्येक विधीला त्या विधीचं गाणं लागतं. ते गाणं म्हणजे धवला आणि ते गाणारी ती धवलारीण. सखूबाईंनी पंचेचाळीस वर्षं धवले गायले. एकदा चटईवर बसल्या की विधी पुरा होईपर्यंत मांडी मोडायची नाही, हा त्यांचा बाणा. गाणी शिकवणाऱ्या आत्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की अर्ध्यात उठलीस तर धवला तुटला, आणि धवला तुटला तर लग्नाला गालबोट. उठायचं नाही तर पाणी प्यायचं नाही, हे मग ओघानं आलंच. लग्नसराईत आदल्या दिवसापासून त्यांचं पाणी बंद व्हायचं. अशा पंचेचाळीस लग्नसराया काढल्यावर बाईंना तहान लागायचीच बंद झाली. दिवसाकाठी दोन कप चहा, जेवताना दोन घोट, संपलं.

सत्तरी ओलांडली आणि या बाणेदार बाईंचं पोट अडलं. तोवर त्या मुलाकडे, दिपेशकडे, कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या होत्या. पाच-पाच दिवस पोट साफ व्हायचं नाही. पोट फुगायचं, श्वास अर्ध्यावरूनच माघारी फिरायचा, आणि धवल्याला तर लांब दम लागतो. दोन लग्नांची बोलावणी त्यांनी गुडघ्याचं निमित्त सांगून परतवून लावली. गुडघे ठणठणीत होते. खरं कारण सांगायची लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

आणि आता खुद्द नातीचं, ईश्वरीचं लग्न महिन्यावर आलं होतं. मांडव जासईच्या घरासमोरच पडायचा होता. एका रात्री जेवताना दिपेश म्हणाला, "आई, तू टेन्शन नको घेऊ. डीजेवाल्याकडे सगळे धवले पेन ड्राइव्हवर आहेत." कंटेनर यार्डात सुपरवायझर असलेल्या माणसाला कुठलीही अडचण म्हणजे वाट काढायची गोष्ट वाटते. बोलला तो मायेनंच. पण सखूबाईंच्या काळजात ते रुतलं ते रुतलंच. आपल्या नातीच्या हळदीला डीजेचा डबा गाणार आणि आपण पाहुण्यांसारखं खुर्चीवर बसणार! ताट तसंच सारून त्या उठल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कंबर कसली, लाज सोडून पोटाचं खरं सांगितलं, आणि घरात दोन पक्ष पडले. दिपेशचा पक्ष मेडिकलच्या दुकानाचा. त्याने जुलाबाच्या गोळ्यांची पाकिटं आणून फ्रिजवर ठेवली. दुसरा पक्ष शेजारच्या अरुणाताईंचा. या बाई मूळच्या साताऱ्याकडच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, आणि निवृत्तीनंतर सगळ्या बिल्डिंगच्या पोटांची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली होती. गोळ्यांनी आतडी आळशी होतात, निसर्गात सगळं आहे, असं म्हणत त्या एरंडेल घेऊन आल्या, मग त्रिफळा चूर्ण, मग इसबगोलचा भुसा. दिपेशने नाक मुरडलं. निसर्गात विंचूसुद्धा आहे, असं तो म्हणाला आणि अरुणाताई चार दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

सखूबाईंनी कुणाचंच मन मोडलं नाही. गोळीही घेतली आणि एरंडेलही. गोळीने एक दिवस पोटात पीळ पडला आणि पुढचे चार दिवस शुकशुकाट. एरंडेलाने दिवसभर दमवलं आणि परत तेच. भुशाने तर कहर केला. ज्याने बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांचं भलं झालं, त्याच भुशाने बाईंचं पोट दगडासारखं झालं. लग्न पंधरा दिवसांवर आलं. पलंगाच्या कडेवर बसून बाई डोळे टिपत होत्या, ते ईश्वरीने पाहिलं. तिने सरळ चप्पल पुढ्यात ठेवली आणि सेक्टरमधल्या डॉक्टर मंजुषांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी पोट तपासलं, वजन केलं, रक्त पडतं का, भूक कशी आहे ते विचारलं, रक्ताच्या चाचण्या केल्या. त्या सगळ्या चांगल्या निघाल्या. मग आतापर्यंत काय काय घेतलं ते ऐकताना भुशापाशी त्या थांबल्या. टेबलावर पाण्याचा भरलेला ग्लास ठेवून त्यांनी विचारलं, भुसा घेताना यातलं पाणी किती पिता? सखूबाईंनी ग्लासाच्या तळाजवळ बोट लावून दाखवलं. चमचाभर भुसा तोंडात टाकायचा आणि चहाच्या घोटाबरोबर उतरवायचा, अशी त्यांची पद्धत.

"आणि उरलेलं पाणी?"

"मी धवलारीन हाय," सखूबाई म्हणाल्या. "धवलारीन अर्ध्यान नाय उठत."

डॉक्टरांना काही उमजेना, तेव्हा ईश्वरीने सगळं सांगितलं. ऐकून त्या हसल्या नाहीत. भुसा पाणी शोषून फुगतो, पाणीच नसेल तर आत अडकून बसतो, आणि असा कोरडा घेतला तर घशातही अडकू शकतो, हे त्यांनी समजावलं. गोळ्या आतड्याला डिवचतात, त्या मधूनअधून ठीक, रोजच्या नाहीत. एरंडेल तर या वयात मनाने घ्यायचंच नाही. त्यांनी आतड्यात पाणी धरून ठेवणारी एक पावडर काही आठवड्यांसाठी दिली, ग्लासभर पाण्यात विरघळवून घ्यायची. भुसा नंतर, तोही भरल्या ग्लासाबरोबर. पपई, भिजवलेल्या मनुका, थोडं चालणं. सकाळच्या चहानंतर रोज दहा मिनिटं बसायचं, आणि कमोडवर बसताना पायाखाली बुटका स्टूल घ्यायचा, म्हणजे गावातल्यासारखे गुडघे वर येतील. "तुमचा मुलगाही चुकला नव्हता आणि शेजारीणही," डॉक्टर म्हणाल्या. "पण पाण्याशिवाय दोघांचंही औषध फुकट."

बाहेर आल्यावर सखूबाई फुटपाथवर थांबल्या. एवढं पाणी प्यायलं तर हळदीत उठावं लागणार, त्यापेक्षा पेन ड्राइव्हच बरा, असं त्या पुटपुटल्या. आत्याची ताकीद पंचेचाळीस वर्षं पाळलेली, ती अशी सुटते थोडीच. ईश्वरीने त्यांचा हात धरला.

"आजी, पेन ड्राइव्ह कधी उठत नाय. पण मला तो नको. मला उठणारी आजी पाहिजे."

घरी येऊन सखूबाईंनी माळ्यावरचा तांब्या काढला, चिंचेने घासून लख्ख केला आणि उशाशी ठेवला. पहिले चार दिवस नुसत्या लघवीच्या फेऱ्या झाल्या. पाचव्या दिवशी सकाळी चहा झाला, बाई स्टूल घेऊन आत गेल्या आणि घर कानात प्राण आणून बसलं. दिपेशला यार्डात जायला उशीर होत होता, तरी तो मोजे हातात घेऊन बसून राहिला. सुनेने, सुचिताने, कुकरची शिटी होऊ नये म्हणून गॅस बंद केला. दहा मिनिटं गेली. आणि मग बाथरूमच्या बंद दारामागून, दोन वर्षांत या फ्लॅटने कधी ऐकला नव्हता असा, खणखणीत धवला उठला. दिपेशने चक्क टाळ्या वाजवल्या. पावडरीने काम केलं, हे त्याने शेजारी जाऊन सांगितलं. मनुकांनी केलं, असं अरुणाताईंनी ठणकावलं. दोघेही छाती फुगवून हिंडत होते आणि बाई दोघांनाही हो म्हणत होत्या.

हळदीच्या दिवशी मांडवात चटई अंथरली. सखूबाई बसल्या, मागे त्यांची ओळ उचलणारी सुमित्राबाई बसली, आणि मध्ये तांब्या. आवाज असा लागला की रस्त्यावरून जाणारी माणसं दोन्ही हात जोडून उभी राहिली. नवरीच्या गालाला हळद लागली, हाताला लागली, आणि नेमकी तेव्हाच वेळ आली. सखूबाईंनी ओळ पुरी केली. मांडी मोडली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा धवलारीण अर्ध्यात उठली.

डीजेवाल्याचा हात बटणाकडे गेला, तर सुचिताने तो तिथल्या तिथे धरला. सुमित्राबाईने तीच ओळ पुन्हा घेतली. मग तिच्याबरोबर दुसरीने, तिसरीने, आणि बघता बघता साऱ्या बायका ती एकच ओळ फिरवून फिरवून गाऊ लागल्या. हळद लावणारे हात थांबले नाहीत. सखूबाई पदराला हात पुसत आल्या, बसल्या, आणि सोडला होता त्याच्या पुढचाच शब्द त्यांनी वर उचलला. धवला तुटला नव्हता. ईश्वरीच्या हळदीच्या गालांवरून पाणी ओघळलं आणि तिने ते पुसलं नाही.

विधी संपला तेव्हा सुमित्राबाईने इकडेतिकडे पाहिलं, तांब्या उचलला आणि एका दमात निम्मा रिकामा केला.

"तीस वर्सं तुझे मागं कोरडीच बसलंय, सखू," ती म्हणाली. "आधी नाय सांगायचा?"