गाडीची वही

सगुणाबाई लहांगे सातपूरच्या एका कारखान्यात सात वर्षे तांब्याची तार गुंडाळत होती. ट्यूबलाइटच्या चोकमध्ये बसणारी कॉइल तिच्या हातून सरळ, घट्ट आणि मोजून तेवढ्याच वेढ्यांची उतरे. सुपरवायझरसुद्धा नव्या मुलींना तिच्या यंत्राशेजारी उभे करी. तिच्या नोकरीतला सगळा घोर कारखान्याच्या बाहेर, बारा किलोमीटरवर होता. अंजनेरीच्या अलीकडे त्र्यंबक रस्त्याला तिच्या पाड्याचा फाटा लागतो. तिथे सकाळी सातला नाशिककडे जाणारी गाडी येई, म्हणजे यायची असे.

फाट्यावर थांब्याची पाटी कधी लागली नाही. गाडी थांबे ती उभ्या माणसांनी हात दिल्यावर, आणि चालकाच्या मनात आले तर. त्र्यंबकहूनच भरून आली तर ती न थांबता जाई. सोमवारी हमखास भरलेली असे. चाक पंक्चर झाले, चालक रजेवर गेला, गाडी दुसऱ्याच मार्गावर धाडली गेली, तर फाट्यावरच्या माणसांना ते कळायला काही मार्ग नव्हता. न आलेली गाडी आणि उशिरा येणारी गाडी यांत पहिला तासभर काहीच फरक नसतो. फाट्यावरच्या बायांनी या अनिश्चिततेशी जुळवून घेण्याची आपली रीत बसवली होती. लांबून गाडीचा टप दिसला की म्हाताऱ्या कुसाबाईला काठीसह पुढे करायचे, कारण म्हातारीसाठी चालकाचा पाय ब्रेकवर जातो. कुसाबाईला कुठेच जायचे नसे. ती रोज येई, गाडी थांबवी आणि शेण वेचत घरी परते.

कारखान्याचे फाटक आठला बंद होई आणि आठ दहापर्यंत त्यातली लहान खिडकी उघडी राही. त्यानंतर आलेल्या हंगामी बाईला परत पाठवीत आणि दिवस गैरहजेरीत जाई. सत्त्याण्णव साली असेच परत पाठवताना सुपरवायझर चारचौघींत म्हणाला होता, "रोज गाडीचंच नाव सांगता. पुरावा काय आहे तुमच्याकडे?"

पुरावा हा शब्द सगुणाबाईने घरी नेला. ती सातवीपर्यंत शिकलेली होती. त्या दिवाळीच्या बोनसमधून तिने चावीचे मनगटी घड्याळ घेतले आणि मुलीच्या, आशाच्या, जुन्या वहीतली कोरी पाने फाडून शिवली. प्रत्येक ओळीत तारीख, गाडी फाट्यावर आली ती वेळ, फाटकाशी पोचली ती वेळ आणि उशिराचे कारण. हिरामण नावाचा कंडक्टर तिच्या गाडीवर असे. त्याला तिने विनवले, तेव्हा तो हसला; पण पुढे कानामागची पेन्सिल काढून तिकिटाच्या पाठीवर वेळ लिहून देऊ लागला.

"मावशी, ही तिकिटं घेऊन कोर्टात जाणार का काय?"

"कोन इच्यारलंच तं दावीन."

"आणि कोणी इचारलंच नाय तर?"

"तं चुलीत जातील. तू लिही."

तिकिटे ती तारखेवार दोऱ्यात ओवी. पाच वर्षांत वह्या तीन झाल्या, तिकिटांच्या माळा पत्र्याच्या डब्यात मावेनाशा झाल्या, आणि कोणी काही विचारले नाही.

दरवर्षी सात महिने भरले की हंगामी बायांना कारखाना ब्रेक देई, म्हणजे काही महिने कामावरून कमी करी. ते महिने सगुणाबाई आणि तिचा नवरा पुंजा दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत काढीत. आशाला मागे ठेवायला घरात कोणी नव्हते, म्हणून तीही जाई. सहावीचे निम्मे वर्ष आणि आठवीची सहामाही तिने बागेच्या शेडमध्ये पेट्यांना कागद लावण्यात घालवली. म्हणून दोन हजार दोनच्या दसऱ्याच्या सुमारास युनियनशी करार होऊन नोटीस लागली, तेव्हा सगुणाबाईने ती दोनदा वाचली. बारा हंगामी बायांना कायम करणार. त्यासाठी ऑक्टोबर ते सप्टेंबर असे वर्ष धरणार, त्या वर्षात ब्रेक नाही, आणि गैरहजेरी आठ दिवसांपेक्षा जास्त नको. आशा त्या वर्षी नववीत होती. दहावीचे वर्ष तिला एका जागी मिळणार की नाही, हे आता त्या आठ दिवसांवर आले होते.

जुलै सरेपर्यंत सहा दिवस खर्ची पडले. दोन सासऱ्याच्या मयतीला आणि चार गाडीमुळे.

आणि तो श्रावण सिंहस्थाचा होता. त्र्यंबक रस्ता यात्रेकरूंनी भरून गेला. वेळापत्रके बदलली, खासगी वाहने अलीकडेच अडवली जाऊ लागली, आणि गाड्या नाशिकहून सुटून थेट त्र्यंबकला लागू लागल्या, त्र्यंबकहून थेट नाशिकला. मधले फाटे त्या दिवसांपुरते वगळले होते. हे त्र्यंबकच्या स्थानकावर फळ्यावर लिहिलेले होते म्हणतात; फाट्यावर ते कोणी सांगायला आले नाही. गाड्या दिसत होत्या, रोजच्यापेक्षा दुप्पट दिसत होत्या, पण एकही थांबत नव्हती. कुसाबाई काठी आडवी धरून पार रस्त्यावर गेली, तेव्हा पोलिसाने तिला दंडाला धरून कडेला बसवले.

पहिल्या दिवशी बारा वाजेपर्यंत उभे राहून सगुणाबाई घरी परतली. दुसऱ्या दिवशी वाटले, आज थांबेल. तिच्यासोबत कॉइलवर असणारी ज्योत्स्ना, वीस वर्षांची, तिसऱ्या दिवशी कंटाळून म्हणाली, "मावशी, देवाला चाललेल्या गाडीला आपन कशाला अडवावं? आपन काय देव हाव का?"

चौथ्या दिवशीही तेच. वहीत चार ओळी एकासारख्या एक पडल्या: गाडी नाही, बारापर्यंत उभी. गैरहजेरीचे दिवस दहा झाले. आठाची मर्यादा ओलांडून दोन दिवस पुढे.

आता जाऊन उपयोग काय, असे पुंजा म्हणाला.  पाचव्या दिवशी झुंजूमुंजू होण्याआधी सगुणाबाई चालत निघाली आणि ज्योत्स्ना तिच्यामागे. समोरून यात्रा येत होती, या दोघी उलट दिशेने. अडथळे, दोर, पोलीस, शेतातून वळसे. पायात पाणी साचलेल्या चपला आणि कमरेला भाकरीचे फडके. सातपूरला पोचायला तीन तास लागले आणि सगुणाबाईच्या घड्याळात आठ वाजून सोळा मिनिटे झाली होती. फाटकाची खिडकी बंद असायला हवी होती. ती उघडी होती.

फाटकावर झिपरू गावित होता. पेठकडचा माणूस, एकोणीस वर्षे त्याच फाटकावर, पण कारखान्याचा नव्हे, चौकीदार पुरवणाऱ्या एका एजन्सीचा. हजेरीचे रजिस्टर त्याच्या टेबलावर असे. आलेल्या माणसापुढे वेळ तो लिही, सही माणूस करी. त्याने रजिस्टर त्यांच्याकडे फिरवले. दोघींच्या नावांपुढे ८.०० आधीच लिहिलेले होते.

"झिपरूभाऊ, आठ तं कव्हाच वाजून गेले."

"तुमचा रस्ता बंद हे ना? मंग माहं घड्याळबी बंद हे. करा सही, आन् पळा. तुमच्या हाताला गाडी थांबत नाय, माहा पेन तरी थांबू द्या थोडा."

यात्रेच्या दिवसांत असे अकरा वेळा झाले. सगुणाबाईने रजिस्टरात सही केली आणि दुपारच्या सुट्टीत वहीत खरी वेळ लिहिली: आठ सोळा, आठ एकवीस, आठ बारा. यात लपवाछपवी करावी असे तिच्या मनातही आले नाही. रजिस्टर कारखान्याचे होते, वही तिची. वहीत खोटे लिहिले तर वही कशाला ठेवायची?

सप्टेंबर संपता संपता दुसरी नोटीस लागली. यात्रेमुळे गाडी न मिळून कोणी गैरहजर राहिले असेल, तर खात्रीलायक पुरावा आणावा. ते दिवस मोजले जाणार नाहीत. ज्योत्स्नाने ती मोठ्याने वाचून दाखवली आणि सगुणाबाईचे दोन्ही खांदे धरून हलवले. "मावशी! तुही वही!"

कार्मिक विभागाचे देवरे साहेब सरळ माणूस होते. वह्या त्यांनी बाजूला सारल्या नाहीत. दोन दिवस ठेवून घेतल्या, तिकिटांमागच्या वेळा ओळींशी ताडून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगुणाबाईला बोलावले. टेबलावर तिन्ही वह्या, शेजारी तिकिटांच्या माळा, आणि माळांपलीकडे फाटकाचे रजिस्टर उघडे.

"बसा बाई. मी बारा वर्षं हे काम करतो, असा कागद पाहिला नाही. सहा वर्षांत एक तारीख चुकलेली नाही." सगुणाबाई बसली नाही. साहेबांनी रजिस्टराच्या पानावर बोट ठेवले. "पण एक अडचण आहे. ऑगस्टमध्ये अकरा दिवस तुमच्या वहीत वेळ आठ दहाच्या पुढची आहे आणि इथं बरोबर आठ. दोन्ही खरं असू शकत नाही. वही खोटी असेल तर तुमचे ते चार दिवसही मला धरता येत नाहीत. तेव्हा विचारतो. वही खरी आहे का?"

सगुणाबाई या प्रश्नाची सहा वर्षे वाट पाहत होती. पावसात, टपाच्या गळक्या पत्र्याखाली, फाटकाबाहेरच्या नळापाशी उभी असताना तिने मनातल्या मनात कितीदा तरी हा प्रश्न कोणाच्या तरी तोंडी घातला होता आणि त्याचे उत्तर दिले होते. ते उत्तर तिच्या जिभेवर इतके तयार होते की विचाराच्या आधी निघाले.

"वही खरी हे, साहेब."

बोलून झाल्यावर तिला रजिस्टरातले अक्षर दिसले. आठाचा आकडा झिपरू खालून वर काढी. पानभर तसेच आठ होते.

"म्हणजे रजिस्टर खोटं," देवरे साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांनी पेन उघडले.

"साहेब, रस्ता बंद व्हता. आमी चालत येत व्हतो. त्या मानसानं..."

"तुम्ही चालत आलात हे मी वाचलं बाई. तुमचं काम झालंय. जा."

एजन्सीच्या माणसाला काढायला चौकशी लागत नाही. संध्याकाळी पाळी सुटली तेव्हा फाटकावर दुसराच कोणी होता. झिपरूने त्या अकरा दिवशी त्यांना परत पाठवले असते, तर नव्या नोटिशीप्रमाणे तेही दिवस माफ झाले असते. पण ऑगस्टमध्ये ती नोटीस नव्हती, आणि झिपरूने समोर उभ्या असलेल्या बायांकडे पाहून काय ते ठरवले होते.

पुढच्या रविवारी सगुणाबाई सातपूरला त्याच्या खोलीवर गेली. दार त्याच्या बायकोने, ठमाबाईने उघडले आणि तशीच आत वळली. झिपरू खाटेवर बसला होता, गणवेशाची खाकी विजार आणि वर बनियन.

"ये बाई. आज रविवारी गाडी घावली का?"

"झिपरूभाऊ, माह्या तोंडून निघून गेलं."

"खोटं तं नाय ना निघालं?"

"नाय."

"मंग?"

आतून ठमाबाईचा आवाज आला. "खऱ्याची भाकर करून घाल म्हनावं तिला. एकोनीस वर्सं त्या फाटकावं हुभा राह्यला, एका मानसानं तरी हाक मारली का तिथून?"

"गप ठमे." झिपरूने विडी पेटवली, विझू दिली, पुन्हा पेटवली. "मला येवढंच सांग बाई. येवढं समदं लिहीत व्हती तू. गाडी कव्हा आली, कंडक्टर कोन, पंक्चर कुठं झाली. मी खिडकी उघडी ठिवली, ते लिव्हलं व्हतं का कुठं?"

सगुणाबाईने नकारार्थी मान हलवली. तिथे फक्त वेळ लिहिलेली होती. उशिराच्या कारणाची जागा वहीत होती; पण उशीर होऊनही आत घेतले गेल्याचे कारण लिहायला जागा तिने कधी आखली नव्हती.

"लिव्हायला पाह्यजे व्हतं," झिपरू म्हणाला. "साहेबानं तेबी वाचलं असतं."

ठमाबाईने चहा ठेवला नाही. सगुणाबाई निघाली तेव्हा झिपरू दारापर्यंत आला आणि म्हणाला, "पोरगी दहावीला ना? नापास नको हू देऊ तिला."

जानेवारीत कायमचे पत्र मिळाले. आशा त्या वर्षी द्राक्षांना गेली नाही. फाट्यावरची सातची गाडी यात्रा संपूनही परत आली नाही. तिच्या जागी सव्वासातची आली, जी साडेसातला येई आणि कधीकधी येतच नसे. कायम कामगारांना साडेआठपर्यंत लेटमार्क देऊन आत घेत. हंगामींना आठ दहाचा नियम होता आणि नवा चौकीदार खिडकी अगदी मिनिटाला लावी.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी दोघी सव्वाआठला फाटकाशी पोचल्या. सगुणाबाईला चौकीदाराने आत घेतले. ज्योत्स्ना अजून हंगामीच, ती बाहेर राहिली. तिने जाळीत बोटे अडकवली.

"मावशी, गाडी फाट्यावं कव्हा आली ते लिव्हलं ना तू? मला दावाया लागल."

"नाय लिव्हलं."

"आज नाय?"

"दिवाळीपासून नाय."

 ज्योत्स्नाने बोटे काढून घेतली आणि रस्ता ओलांडून पलीकडे, त्र्यंबककडे जाणाऱ्या गाडीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. सगुणाबाईने लेटमार्कच्या रकान्यात सही केली. परतीची गाडी सव्वादहाची होती; म्हणजे अकरा धरायचे, हे तिला वही न पाहताही ठाऊक होते.