मिठीच्या मागचा फोटो

सावेडीतल्या माझ्या स्टुडिओत बसून मी लग्नाचे फोटो निवडतो. कॅमेऱ्याने धडाधड काढलेले असतात, त्यामुळे बटणावर बोट ठेवायचं आणि पडद्यावरून सगळी वरात पळवायची. माझी नजर पक्की आहे, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगतो. तिची एक खोडही मला ठाऊक आहे. एखादा झकास फोटो दिसला की ती तिथेच घुटमळते, आणि लगेच पाठोपाठ आलेला फोटो डोळ्यांसमोरून जाऊनही दिसत नाही.

गेल्या उन्हाळ्यात जामखेडकडची एक मुलगी अल्बम ठरवायला आली. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचे वडील वारले होते. अल्बमचं तिला काही पडलं नव्हतं. पाठवणीला वडील गाडीपाशी फिरकलेच नाहीत, मांडवामागे आचाऱ्यांत बसून राहिले, असं घरात सगळे म्हणत. तिलाही ते दिसले नव्हते. तो राग घेऊनच ती सासरी गेली आणि नंतर फोनवरही त्यांच्याशी धड बोलली नाही. ते आले होते का, एवढंच तिला बघायचं होतं.

मी पाठवणीचे फोटो भराभर पळवले. वडील कुठेच नव्हते. तिने मान खाली घातली, तेव्हा मला फार वाईट वाटलं. पण हार मानणं माझ्या स्वभावात नाही. तिला म्हटलं, आता वडिलांना शोधायचंच नाही. चांगला फोटो आला की थांबायचं आणि त्याच्या पाठोपाठ आलेला नीट बघायचा.

सगळ्यात देखणा फोटो मायलेकींच्या मिठीचा होता. मघाशी तो बघताना तिचे डोळे भरले होते. मी त्याच्या पाठोपाठचा लावला. तीच मिठी, जराशी सैल. आणि खाली, गाडीच्या मागच्या चाकाशी, एक माणूस उकिडवा बसून चाकाखाली नारळ ठेवत होता. गाडी निघताना नारळ ठेवणाऱ्याकडे कोण बघतं? त्याने मात्र मान वर केली होती आणि तो लेकीकडे बघत होता.

तिने पडद्यावरच्या त्या माणसावर बोट ठेवलं. मग तिने आईला फोन लावला.

“आई, आप्पा आलं हुतं गं. माझ्या पायापाशीच हुतं.”