पाचव्या बाटलीतला गुलाब

घड्याळजींची बायको साबणाच्या कारखान्यात कामाला होती. जायची अख्खी बाई, पण पगार मिळायचा तो नाकाचा. तिनं वास घेऊन मान डोलावल्याशिवाय नवा साबण बाजारात जात नसे.

घरी मात्र त्या नाकाचा जाच होता. लग्नानंतर घड्याळजींनी चोरून ओढलेली पहिलीच सिगारेट तिनं ते जिना चढत असतानाच ओळखली, आणि तीच शेवटची ठरली.

मग तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना वास ओळखायची ताकदच घेऊन गेला. दूध करपलं तरी बाई शेजारी उभी राहून निवांत पेपर वाचायची. कारखान्यानं तिला लेबलं तपासायला बसवलं. तिच्या ताटातलं अन्न ताटातच राहू लागलं. आणि आमचे घड्याळजी? रोज दुपारी आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागे जाऊन एक सिगारेट ओढू लागले. घरी येऊन तिच्यासमोर बसलं की त्यांना स्वतःचीच शरम वाटायची.

हळूहळू तिला थोडेथोडे वास कळायला लागले. कारखान्यातल्या मुख्य बाईंनी स्पष्टच सांगितलं, "लाखात एक भाग गुलाब ओळखलात तर तुमची खुर्ची तुमची. नाहीतर सोमवारपासून तिथं दुसरं कुणी बसेल."

त्या परीक्षेआधी घरी तालीम करायची ठरली. तिनं स्वतः बाटल्या बनवल्या तर नाकाऐवजी मनच उत्तर देणार, म्हणून बनवायचं काम घड्याळजींकडे आलं.

"अहो, नीट ऐका. पहिल्या बाटलीत दहा मिली गुलाबाचा अर्क घ्या आणि हा बिनवासाचा द्रव शंभरच्या खुणेपर्यंत भरा. झाला दहात एक. चांगलं हलवा. त्यातले दहा दुसरीत, पुन्हा शंभरपर्यंत. म्हणजे शंभरात एक. असं करत पाचवीत?"

"लाखात एक. दर बाटलीला एक शून्य वाढतं. त्यात काय अवघड आहे?"

"हिशेब सोपाच असतो हो. हात चुकतात."

ती बाहेरच्या खोलीत गेली. डब्यात मापाच्या दोन काचनळ्या होत्या, एक जाडी आणि एक बारीक. केसाएवढ्या स्प्रिंगा उचलण्यात जन्म गेलेल्या माणसाचा हात बारकीशिवाय कुठं जाणार? बारकीवर बरोबर दहा रेघा होत्या. दर वेळी घड्याळजींनी श्वास रोखून दहाच्या दहा भरल्या, थेंबही सांडला नाही.

मग कागदी पट्ट्या बुडवून ते तिच्यापुढे धरू लागले. दर खेपेला एक बाटलीतली, एक कोऱ्या द्रवातली. पहिली तिनं झटक्यात ओळखली, दुसरीही. तिसरीला डोळे मिटून बराच वेळ घेतला आणि म्हणाली, "ही. गुलाब." चौथीला काहीच नाही. पुन्हा दिली, तरी काहीच नाही.

"हजारापर्यंतच पोचले," ती म्हणाली. "लाख फार लांब राहिले."

चौथीत हळूच थोडा अर्क टाकावा, असं घड्याळजींच्या मनात येऊन गेलं. पण तिला फसवायचा धीर होईना.

तीच उठून बाटल्या ओतून टाकायला गेली आणि मोरीपाशी थबकली.

"अहो, या सगळ्या गळ्यापर्यंत कशा भरलेल्या?"

"शंभरपर्यंत भरा असं तूच सांगितलंस ना?"

"हो, पण पहिलीतले दहा काढून दुसरीत घातलेत ना? मग पहिली नव्वदवर यायला हवी. भरलेली फक्त पाचवी राहते. कशानं मोजलंत?"

त्यांनी बारीक नळी पुढे केली. "चांगल्या दहा रेघा मोजल्या की!"

"देवा! अहो, त्या दहा रेघा मिळून एक मिली होतो!"

घड्याळजींचा चेहरा पडला. "म्हणजे वाट लावली मी सगळ्याची."

पण ती बोटं मोजत होती. "शंभरात एक मिली... म्हणजे दर बाटलीला दोन शून्यं. पहिली शंभरात एक, दुसरी दहा हजारात, तिसरी..." ती तिथंच स्टुलावर बसली. "तिसरी दहा लाखात एक. अहो, मी दहा लाखात एक ओळखला!"

तरी तिचं समाधान होईना. चुकीच्या मापानं पास झालेलं तिला नको होतं. पुन्हा बनवा म्हणाली, जाड्या नळीनं. "जरा वारा खाऊन येतो," म्हणत घड्याळजी खाली गेले, आले, आणि पाचही बाटल्या नव्यानं बनवल्या. शेवटी पाचवीची पट्टी आणि कोरी पट्टी तिच्यापुढे धरली.

"ही पाचवी. गुलाब," ती लगेच म्हणाली. मग दुसरी हुंगली आणि कपाळाला आठी पडली. "ही कोरी. पण दोन्हींना सिगारेटचा वास येतोय. कधीपासून चाललंय हे?"

घड्याळजींनी निमूटपणे खिशातलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. पकडलं गेल्याचा एवढा आनंद त्यांना जन्मात झाला नव्हता. डोळे भरून आले.

"तुझं नाक गेलं तेव्हापासून."

"आता आलंय ते परत," ती म्हणाली. "जा, फेकून या."