शराफियातला डायरेक्टर

सौदीत, जेद्दाच्या शराफिया मोहल्ल्यात आमचं हॉटेल आहे. रत्नागिरीहून आलो तेव्हापासून मसाला माझा, गल्ला नवऱ्याचा आणि आवाज पुन्हा माझाच. त्याच आवाजात मी एका नेपाळी ट्रक ड्रायव्हरला झापायचे, कारण मेला जेवता जेवता मोबाइलवर शूटिंग करायचा.

"आधी जेव! मासा थंड झाला की मला नावं ठेवशील."

तो हसायचा. "भाभी, एक दिन पिक्चर बनाऊँगा."

आणि बनवला की! कफीलकडून, म्हणजे इथल्या मालकाकडून, सुटून काठमांडूला गेला, लग्नांच्या व्हिडिओंवर पोट भरत छोट्या फिल्म केल्या, आणि मग इथल्या कामगारांवर मोठा सिनेमा. त्याला परदेशात बक्षीस मिळालं, त्या दिवशी मी हॉटेलात सगळ्यांना फुकट शिरखुर्मा वाटला. नवरा बघतच राहिला.

गेल्या हिवाळ्यात तो सिनेमा जेद्दात दाखवायचं ठरलं. स्वतः आला, आणि इथे त्याच्यासोबत एका खोलीत राहिलेल्या जुन्या दोस्तांनाही त्याने बोलावलं. शोआधी आमच्याकडे जेवायला बसला, पण माशाला हात लावेना. म्हणाला, "भाभी, अवॉर्ड छोड़ो. इनको झूठ लगा तो सब बेकार."

सिनेमात हिरो घरी व्हिडिओ कॉल लावतो. वर इस्त्रीचा शर्ट, खाली सिमेंटने माखलेली पँट, आणि मोबाइल असा धरलेला की मागे कुणाच्या तरी बंगल्याची भिंत दिसावी. परदेशात म्हणे या प्रसंगाला लोक रडले होते. आमची मंडळी खदाखदा हसली! शिट्ट्या काय, एकमेकांच्या पाठीत धपाटे काय! माझ्या पुढच्या खुर्चीत डायरेक्टरने मान खाली घातली. असा संताप आला म्हणून सांगू! उठून एकेकाला सुनावणार होते, पण नवऱ्याने हात दाबून बसवलं.

दिवे लागले. दोस्तांतला सगळ्यात मोठा, गवंडीकाम करणारा, पुढे आला. सगळ्यात जास्त तोच हसला होता. मी पदर खोचून तयारच. पण त्याने डायरेक्टरचा हात धरला, डोळे लाल.

"ये मेरी घरवाली को दिखाएगा?" तो म्हणाला. "मुझसे तो यहाँ का सच कभी बोला नहीं गया."

हाय अल्ला, मला तिथेच हुंदका फुटला. डायरेक्टरने त्याला घट्ट मिठी मारली आणि नेपाळीत थोरल्या भावाला मारतात तशी हाक मारली.

"गाँव का पता दे, दाई. मैं खुद लेके जाऊँगा."